मूर्ती आधी, विहार नंतर

बिबवेवाडीतला आमचा विहार बांधायला चार वर्षं लागली. किस्से मात्र अजून संपलेले नाहीत. आम्ही नागपूर-वर्ध्याकडून सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी पुण्यात आलेली बौद्ध कुटुंबं. फ्लॅट झाले, गाड्या झाल्या, पण वंदनेला आपली म्हणून जागा नव्हती. ते फार लागायचं मनाला.

*

तोवर रविवारची वंदना माझ्या हॉलमध्ये व्हायची. खालच्या मजल्यावरच्या नानांनी एकदा विचारलं, "अहो, जिन्यात एवढ्या चपला! सेल लावलाय का?"

पुढच्या रविवारी आम्ही चपला आत घेतल्या. नाना वर आले. म्हणाले, "आज चपला दिसल्या नाहीत. म्हटलं, बरे आहात ना सगळे?" आणि बसले की आमच्यातच.

*

रामटेके काका म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, आमच्यात सगळ्यात वडील. पायाभरणीला कॉन्ट्रॅक्टर नारळ घेऊन आला. काका म्हणाले, "आमच्यात नारळ नाही फोडत जी."

"मग काम सुरू झालं हे जमिनीला कळायचं कसं?"

काकांनी त्याच्या हातात कुदळ दिली. "मारा. कळते तिले."

*

आम्ही पडलो इंजिनिअर. बांधकाम आणि मूर्ती, दोन्ही कामं पॅरलल सुरू केली. मूर्ती वेळेवर आली, भिंती आल्या नाहीत. चार फुटी संगमरवरी बुद्ध कुणाच्याच लिफ्टला पेलवेना. ज्या अण्णांनी आम्हाला जागा विकली, त्यांच्या पडवीत मूर्ती ठेवली. पंधरा दिवसांसाठी म्हणून ठेवली आणि वर्ष गेलं.

*

उद्घाटनाच्या सकाळी आम्ही टेम्पो घेऊन गेलो. मूर्ती पुसून लख्ख, पुढे ताजी फुलं. शेजारी अण्णांच्या म्हाताऱ्या आई बसलेल्या.

"वरीसभर मी करतीया ह्यांचं," त्या म्हणाल्या. "तुमच्यातलं एक मानूस बी फिरकलं न्हाई."

खरंच कुणी गेलं नव्हतं. लाज वाटली. मूर्ती देतात की नाही, अशीही धास्ती वाटली. आजी उठल्या आणि मूर्तीला धरून टेम्पोतच बसल्या. विहार येईपर्यंत ड्रायव्हरला हळू चालवायला सांगत होत्या.

कार्यक्रम झाला. कुलूप लावताना काकांनी विचारलं, "किल्ली कोणापाशी ठेवू? रोज दार उघडायचं आहे."

एकजण ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामाला परदेशी चालला होता. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. मी बुटांच्या लेस बांधत राहिलो.

"द्या हिकडं," म्हणत आजींनी हात पुढे केला. काकांनी आमच्यापैकी कुणालाही न विचारता किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.