गाडीच्या आधीचं इंजेक्शन

वाघमारे सिस्टरांच्या ॲप्रनच्या खिशात कायम एक पातळ प्लास्टिकची पिशवी असायची. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ परभणीच्या दवाखान्यातल्या त्यांच्या नवजात कक्षात आलं, की त्या नातेवाइकांना नळापाशी नेत, पिशवी आतून ओली करून दाबत आणि म्हणत, "फुंका." गाल दुखले तरी ती नीट उघडायची नाही. मग त्या सांगायच्या, "लेकराच्या फुप्फुसाचं असंच होयलंय. दर श्वासाला चिकटायलंय. चिकटू नये म्हणून आत एक लेप असतो. तो तयार व्हायच्या आधीच हे बाहेर आलं."

मीही फुंकून पाहिलं, ते माझ्या चुलत बहिणीच्या, शोभाच्या बाळासाठी. मी बोरीचा. रुग्णवाहिका वेळेवर येत नाही म्हणून पत्रकं काढणारा. शोभा पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली आणि आठवड्यातच एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. गावातली नर्स तिच्यासाठी इंजेक्शन भरत होती. मी नर्सचा हात धरून तिला थांबवलं. टाइमपास बंद करा, आधी गाडीत घाला, असं ओरडत मोबाइलवर शूटिंगही केलं. गाडी सुसाट परभणीला आली. बाळ जन्मलं दुसऱ्या दिवशी दुपारी.

ते कण्हत होतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मी ऑक्सिजन लावा म्हणून आवाज चढवला. सिस्टरांनी मान वर केली नाही. "ऑक्सिजन चालूच हाय, नेतेसाहेब. त्याला आत शिरायला जागा न्हाई."

फ्रिजमधून काढलेली लेपाच्या औषधाची कुपी त्या मुठीत धरून उभ्या होत्या. ती हलवायची नसते, हाताच्या उबेनं कोमट होऊ द्यायची असते. मी घड्याळ दाखवलं, तर म्हणाल्या, "घाई तुमाला हाय. औषधाला न्हाई." डॉक्टरांनी ते नळीतून फुप्फुसात सोडलं. संध्याकाळपर्यंत बाळाचा रंग सुधारला. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

कागद भरताना सिस्टरांनी विचारलं, आईला गावात फुप्फुसाचं इंजेक्शन मिळालं होतं का. मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"त्या इंजेक्शनानं लेकरू वाचलंच असतं असं मी म्हणणार न्हाई. पण दुपार ते दुपार येळ होता. आईच्या अंगातून औषध गेलं असतं, फुप्फुसं तयार व्हायला लागली असती. गाडी दोन मिनिटं थांबली असती, बस."

हे गावातल्या दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात का लिहिलेलं नसतं, याचा मला आजही संताप येतो. त्या संतापातच मी पत्रक लिहिलं आणि पंधरा दिवसांनी सिस्टरांना दाखवलं. शासन, अधिकारी, पुढारी, सगळ्यांना धुतलं होतं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं.

"लय शिव्या हायत. बाईनं काय मागायचं ते पार खाली घातलंस, ते वर घे." मग कागद उलटून पाहिला. "सगळ्यांची चूक लिहिलीस. तुजी कुठाय?"

मी थांबवलं ते इंजेक्शन कशाचं होतं हे शोभाला अजून माहीत नाही, असं मी पुटपुटलो. घरात सगळे नशिबाला बोल लावत होते आणि मी लावू देत होतो.

"मग पत्रक छापायच्या आधी तिला दे."

दिलं. पहिलीच ओळ होती: कळा लवकर आल्या तर गाडीत बसायच्या आधी फुप्फुसाचं इंजेक्शन मागा, मी माझ्या बहिणीला ते घेऊ दिलं नाही. शोभानं वाचलं, घडी घातली आणि आत निघून गेली. ती माझ्याशी बोलत नाही.

सिस्टर यंदा निवृत्त झाल्या, पिंगळीला राहायला गेल्या. शेवटच्या दिवशी मी त्यांना भेटलो आणि शोभाचं सांगितलं. मला वाटलं, धीर देतील.

"न्हाई बोलणार ती," त्या म्हणाल्या. "पत्रक कुठवर गेलं?"

सोनपेठकडं अजून पोचलं नाही, म्हणालो.

"बाजार भरतो की तिथं. बाया येतेत. जा."