परक्या पेपरची भीती

मी आजवर जे काही दान केलं ते घाबरट माणसाचं दान होतं. जुने स्वेटर धुऊन पिशवीत भरायचे आणि पिशवी दुसऱ्याच्या हाती पाठवायची. देवळातल्या भंडाऱ्याला तांदूळ द्यायचे. रक्तदान शिबिरात बिस्किटं वाटायला बसायचं, कारण सुईजवळ जायची हिंमत नाही. ह्यात माझं काही चुकण्यासारखं नसे आणि चुकलंच तर कुणाचं वाटोळं होण्यासारखं नसे. म्हणून कॉलनीतल्या एका बाईंनी "लेखनिक होशील का?" असं विचारलं, तेव्हा मी आधी दुसरं कुणी आहे का ते विचारलं.

ज्या विद्यार्थ्यांना दिसत नाही, त्यांच्या शेजारी बसून प्रश्न वाचून दाखवायचे आणि ते सांगतील ते उत्तरपत्रिकेत लिहायचं, हे लेखनिकाचं काम. ह्या बाई परीक्षांच्या दिवसांत असे लेखनिक शोधत फिरतात. पैसे मिळत नाहीत. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, म्हणजे तो पदरचं काही घुसडणार नाही, अशी अट असते. "आपल्याकडे जो तो ग्रॅज्युएट," त्या वैतागून म्हणाल्या, "बारावीवर थांबलेली तूच एक सापडलीस." सासरी इतकी वर्षं जी गोष्ट चारचौघांत कुणी काढत नसे, तिला पहिल्यांदाच गिऱ्हाईक आलं होतं.

मी बारावीवर का थांबले हे त्यांना माहीत नव्हतं. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पहिल्याच पेपरला माझं डोकं लख्ख रिकामं झालं. घशाला कोरड पडली, अक्षरं दिसेनाशी झाली, आणि मी कोरी उत्तरपत्रिका बाकावर ठेवून बाहेर चालती झाले. पुन्हा कधी परीक्षेला बसले नाही. लग्न ठरलं म्हणून शिक्षण सुटलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. पुढे मुलांच्या परीक्षा असल्या की मुलं खुशाल घोरत आणि पोट माझं बिघडे.

मी नाहीच म्हणणार होते. पण त्या बाईंनी त्या मुलीचं सांगितलं. घोटीच्या पुढच्या एका खेड्यातली, नाशकात हॉस्टेलवर राहून बीएच्या शेवटच्या वर्षाला आलेली. गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या पेपरला तिचा लेखनिक आलाच नाही. फोन बंद. ती बेंचवर वाट बघत बसली, पेपर सुरू झाला, संपला, आणि तेवढ्या एका पेपरासाठी वर्ष गेलं. ह्या वेळी नाही निघाला तर वडील तिला गावी घेऊन जाणार होते. पळून जाणारं माणूस काय करून ठेवतं, ते मी पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूने ऐकत होते.

पेपरच्या सकाळी सीबीएस बसस्टँडच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा उतरून परत फिरावं असं फार वाटलं. तब्येत बिघडली म्हणून फोन करता आला असता, आणि तसं ते खोटंही नव्हतं. सिग्नल सुटला म्हणून मी कॉलेजला पोचले, एरवी माझा भरवसा नव्हता.

ती फाटकापाशीच पांढरी काठी घेऊन उभी होती. रिक्षा थांबल्याचं ऐकून तिने विचारलं, "काकू? आलात ना?"

"आले गं."

तिने माझा हात धरला. "हात लय गार हाय तुमचा."

"सकाळची वेळ आहे ना," मी म्हटलं. मे महिना होता.

आम्हाला वेगळी खोली दिली होती. पर्यवेक्षक म्हणून एक वयस्कर सर होते. त्यांनी बजावलं, "प्रश्न वाचायचा, ती सांगेल ते लिहायचं. बाकी एक शब्द बोललात तर दोघींवर कारवाई होईल." घंटा झाली आणि माझा घसा तसाच कोरडा पडला, इतक्या वर्षांत जणू मी उठून घरी गेलेच नव्हते. तिचं आसनक्रमांकाचं पान मी तीनतीनदा तपासलं. पेन घसरेल, ओळ सुटेल, माझ्या किरट्या अक्षरापायी हिचे मार्क जातील, ह्या धास्तीने मानेला रग लागली. ती मात्र झराझर सांगत होती. मधूनच "पूर्णविराम" म्हणायची, माझ्याच सोयीसाठी.

मग तो प्रश्न आला. "जिल्हा परिषदेची रचना आणि कार्ये स्पष्ट करा."

ती गप्प. मी पेन टेकवून थांबले. ती ओठ हलवत होती, पण आवाज येत नव्हता. कपाळावर घाम आला. हा घाम मी ओळखत होते. डोकं पुसलं गेलं की आधी माणूस आठवायचा प्रयत्न करतं, आणि मग फक्त दार कुठे आहे तेवढंच आठवतं. तिचा हात बाकाला टेकवलेल्या काठीकडे गेला.

उत्तर मला येत नव्हतं, आलं असतं तरी सांगता येत नव्हतं. "थांब, उठू नकोस," एवढंही म्हणायची सोय नव्हती. सर आमच्याकडेच बघत होते. ती उठली की पुन्हा बसायची नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला फक्त प्रश्न वाचायची मुभा होती. म्हणून मी तो पुन्हा वाचला. तिने काठी धरली. मी आणखी एकदा वाचला. आवाज चिरकला, पुढे थरथरायला लागला, आवरेना. "जिल्हा परिषदेची... रचना..." मी रडायच्या बेतात होते. सर खुर्चीतून उठले. मी वाचतच राहिले.

तिने काठी सोडली. "काकू, लिहा," ती म्हणाली. आणि आधी अडखळत, मग सावकाश, सांगायला लागली.

पेपर संपल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. ती म्हणाली, "राग नका मानू काकू. प्रश्न मला पहिल्यांदा वाचलात तवाच कळला होता. पण डोक्यात काहीच नाय. मी उठणारच होते. मग तुमचा आवाज असा कापाय लागला, की म्हटलं, ह्या तर माझ्यापेक्षा घाबरल्यात. ह्यांना इथं एकटीला टाकून कसं जायचं?"

मी तिला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं.

निकाल लागला तेव्हा तिचा फोन आला. पास झाली होती. "आता एमए करते," ती म्हणाली. "तवाही तुम्हीच या. तोवर काही शिकू बिकू नका." आम्ही दोघी हसलो. मग तिने सहज विचारलं, "काकू, तुम्ही का नाय शिकलात पुढं?"

लग्न ठरल्याची नेहमीची गोष्ट अगदी ओठांवर आली होती. पण मी म्हटलं, "मी पेपर सोडून उठले, तेव्हा आमच्या हॉलमध्ये सगळ्या मुली धीट होत्या गं."