डावी सीट

ब्रिटनमधल्या दुकानात एका वेळी पॅरासिटामॉलची दोनच पाकिटं मिळतात. तिसरं उचललं की काउंटरवरची मुलगी 'सॉरी' म्हणत ते बाजूला ठेवते. माणसाने स्वतःचं काही बरंवाईट करून घेऊ नये, म्हणून तिथला तो नियम. सहा वर्षं तिथे काढून आम्ही नेदरलँड्सला, फेल्डहोवनला आलो आणि इथे शॅम्पूच्या शेजारी गोळ्यांचा भलामोठा डबा बघून मी दचकले. इथे गोळ्या हव्या तेवढ्या, डॉक्टर मात्र जपून. काहीही होऊ दे, हाउसआर्ट्स, म्हणजे आपला ठरलेला घरचा डॉक्टर, फोनवरच सांगतो की पॅरासिटामॉल घ्या आणि वाट बघा. आम्ही भारतीय बायका यावर खूप हसायचो.

कोविडच्या हिवाळ्यात नवरा तापाने आडवा झाला आणि ते हसू बंद झालं. त्याने गोळ्या घेतल्या, आम्ही वाट बघितली. मग एका दुपारी तो पाणी प्यायला खाली आला, परत जिना चढायला निघाला आणि निम्म्यावरच बसला. मी विचारलं, "काय होतंय?" त्याला उत्तराचं वाक्य पुरं करता येईना. पुण्याहून सासूबाईंनी फोनवर डोकं खाऊन आम्हाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र घ्यायला लावलं होतं. ते त्याच्या बोटाला लावलं. आकडा नव्वदच्या खाली होता. मी बोट बदललं, माझं बोट घालून बघितलं, पुन्हा त्याचं घातलं. यंत्र बरोबर होतं.

मी आमच्या हाउसआर्ट्सला, त्या डॉक्टरबाईला, फोन लावला. तिने आकडा ऐकला, मी फोन त्याच्या तोंडाशी धरल्यावर त्याचा श्वास ऐकला आणि म्हणाली, "त्याला आत्ता इस्पितळात न्यायला हवं. मी अॅम्ब्युलन्स पाठवू, की तुम्ही घेऊन जाल?"

आणि माझं तोंड म्हणालं, "नको नको, आम्ही करतो मॅनेज. तुम्ही आधीच किती गडबडीत असाल."

हे मी का म्हटलं, ते पुणेकराला सांगायला नको. आपल्याकडे पहिल्यांदा 'नको'च म्हणायचं असतं. समोरचा आग्रह करतो, मग आपण घेतो. ब्रिटनमध्ये तर ही सवय आणखी पक्की झाली. तिथली शेजारीण मदत विचारायची, मी म्हणायची, 'ओह, आमचं ठीक चाललंय', ती म्हणायची, 'खरंच ना?', आणि तिसऱ्या फेरीला मी तिच्या गाडीत बसलेली असायची. दोन्ही देशांत नकार हा बोलणं सुरू करण्याचा प्रकार होता. इथे माणसं एकदाच विचारतात आणि दिलेलं उत्तर खरं मानतात.

"छान," डॉक्टर म्हणाली. "मग लगेच निघा." आणि तिने फोन ठेवला.

जिन्यातून नवरा माझ्याकडे बघत होता. "गाडी कोण... चालवणार?"

आमची गाडी ब्रिटनची होती. घर हलवताना त्याने ती हट्टाने बरोबर आणली. तिथे पुढची नंबरप्लेट पांढरी आणि मागची पिवळी होती, इथे दोन्ही पिवळ्या लागल्या, एवढाच काय तो बदल. स्टिअरिंग उजवीकडेच राहिलं आणि वाहतूकही उजवीकडून. त्यामुळे चालवणारा रस्त्याच्या कडेला बसतो, आणि पुढच्या ट्रकपलीकडचं डावीकडे बसलेल्याला दिसतं. पार्किंगची तिकिटं देणारं यंत्रही डाव्या खिडकीशी येतं. गाडी तो चालवायचा, डावीकडे मी असायची. समोर बघून 'जा', 'थांब' सांगायचं, हात बाहेर काढून तिकीट घ्यायचं, ही माझी कामं. "तुला बायको नको होती, कंडक्टर हवा होता," असं मी त्याला हजारदा ऐकवलं असेल. ब्रिटनमध्ये मी मजेत गाडी चालवायची, कारण तिथलं डावं आणि पुण्याचं डावं एकच. इथे आल्यापासून मी फक्त फिट्स चालवली होती, म्हणजे सायकल, आणि सायकलला इथे तिचा वेगळा लाल रस्ता असतो.

मी डॉक्टरला पुन्हा फोन लावला. रेकॉर्ड केलेला डच आवाज वाट बघायला सांगत राहिला. नवऱ्याचे ओठ मला निळसर दिसायला लागले, की तो जिन्यातला उजेड होता, कोण जाणे. मी फोन ठेवला, त्याला जॅकेट घातलं, मास्क लावला आणि डाव्या सीटवर बसवलं.

त्या प्रवासातली भीती माझ्या हातांना अजून आठवते. "उजवीकडे, उजवीकडे" असं मी मोठ्याने बोलत होते. आमच्याच वस्तीत उजवीकडच्या एका बोळातून एक व्हॅन सरळ माझ्यापुढे आली. ब्रिटनमध्ये असल्या लहान रस्त्याने थांबायचं असतं. इथे खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणारा आधी जातो, मग तो बोळ का असेना. हे मला पाठ होतं, पण पाय ते विसरला होता. मी कचकन ब्रेक दाबला. नवऱ्याचं डोकं पुढे गेलं आणि परत आलं. त्याने डोळे उघडले नाहीत.

"बोल काहीतरी," मी म्हटलं.

"बोलू... नको ना," तो म्हणाला.

पुढच्या गोल चौकात घड्याळाच्या उलट फिरायचं होतं आणि सायकलींना आधी जाऊ द्यायचं होतं. मी थांबले ती थांबलेच. सायकली संपेनात. मला डावीकडचं धड दिसत नव्हतं, आणि मला वाटत होतं की आपण नियम पाळत इथे उभे राहणार आणि हा इथेच जाणार. तेवढ्यात शेजारून हात जरासा उचलला गेला. डोळे किलकिले करून तो समोर बघत होता.

"जा," तो म्हणाला.

मी गेले.

इस्पितळाच्या पार्किंगला बॅरिअर होता आणि तिकिटाचं यंत्र अर्थातच त्याच्या बाजूला. मी पट्टा सोडून उतरायला लागले, तर त्याने काच खाली केली होती. हात बाहेर गेला, बटणावरून दोनदा घसरला, मग तिकीट आलं. ते त्याने जॅकेटच्या खिशात ठेवलं. दारात प्लास्टिकचा गाऊन घातलेली नर्स खुर्ची घेऊन आली, त्याला बसवलं आणि मला हाताने थांबवलं. आत कुणालाच सोडत नव्हते.

"तो बरा होईल ना?" मी विचारलं.

ब्रिटनमध्ये ती म्हणाली असती, आम्ही त्याच्याकडे नीट लक्ष ठेवू. त्यातून काही कळत नाही, पण धरायला काहीतरी मिळतं. ही म्हणाली, "ते आत्ता मला माहीत नाही." आणि दार बंद झालं.

बाहेर पडताना मी पुन्हा बॅरिअरपाशी आले आणि सवयीने डावीकडे वळून "तिकीट दे" म्हणाले. सीट रिकामी होती. पट्टा लोंबत होता. मग लक्षात आलं, तिकीट त्याच्या खिशात आहे आणि तो आत आहे. उतरून, गाडीला वळसा घालून मी यंत्राचं मदतीचं बटण दाबलं.

"तिकीट घाला," एका माणसाचा आवाज आला.

"ते नवऱ्याकडे आहे. तो आत आहे."

"त्याला बाहेर यायला सांगा."

"तो येऊ शकत नाही."

"मग कधी येईल?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते शब्द माझ्या तोंडून ऐकल्यावर मला रडू फुटलं. मास्कच्या आत, त्या खांबापुढे उभी राहून मी रडले. मागे दोन गाड्या थांबल्या होत्या.

मग त्या आवाजाने विचारलं, "तुम्हाला मदत हवी आहे का?"

'नको नको' जिभेवर आलंच होतं. पण तो दुसऱ्यांदा विचारणार नव्हता.

"हो," मी म्हणाले. "मला ही गाडी घरी नेता येणार नाही. मला खूप भीती वाटतेय."

"तिथेच थांबा," तो म्हणाला. "मी खाली येतो."

काही आठवड्यांनी इस्पितळातून नवऱ्याला घरी सोडलं तेव्हा गाडीत त्याच्या कपड्यांची पिशवी त्याच्या मांडीवर होती. बॅरिअरपाशी त्याने जॅकेट चाचपलं आणि खिशातून ते जुनं तिकीट निघालं. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"हे माझ्याकडे होतं, तर तू त्या दिवशी बाहेर कशी पडलीस?"

"मदत मागितली."

"तू?" तो म्हणाला. मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि माझे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. खोकला थांबल्यावर मी आत येताना घेतलेलं नवं तिकीट त्याच्या हातात दिलं. त्याने काच खाली केली. हात यंत्रापर्यंत पोचेना. मी पट्टा सोडायला लागले.

"बस तू," तो म्हणाला. "कंडक्टर आहे ना." आणि तो खिडकीतून आणखी थोडा बाहेर वाकला.