पांढऱ्या एकवीस, तपकिरी सात

शीला सिस्टर पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट आधी नवऱ्याच्या हातात ठेवत आणि सगळं त्याच्याकडून वदवून घेत. वर्ध्याकडच्या आंजीच्या पुढे आमचं गाव, तिथल्या उपकेंद्रात त्या नर्स होत्या. बाकीचे नवरे लाजून भिंतीकडे बघत. मी गणिताचा मास्तर, मी हसत होतो.

"हसता काऊन, सर? ऐका. ह्या पांढऱ्या एकवीस, ह्याच्यात हार्मोन हाय. रोज एक पोटात गेली का मेंदूले वाटते, हार्मोन भरपूर हाय. मंग तो अंडाशयाले 'अंडं पिकव' असा हुकूमच सोडत नाई. ह्या तपकिरी सात नुसत्या लोहाच्या, त्या दिवसांत पाळी येते. संपल्या का नवं पाकीट, पांढरीपासून. आता तुमी म्हणा."

"अठ्ठावीसपर्यंत येतं मला," मी म्हणालो.

"आकडे नाई, सर, क्रम म्हणा."

क्रम मी म्हटला नाही.

आम्हाला दोन मुली, दोन्ही सिझेरियनच्या. तिसऱ्या वेळी जिवाला धोका आहे, असं वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. सहा महिने गोळ्या नीट चालल्या. मग सुनंदाचं, माझ्या बायकोचं, रक्त कमी निघालं आणि मला हुशारी सुचली. नवं पाकीट फोडताना म्हणालो, "आधी लोहाच्या घे, ताकद येईल. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर तेच."

"सिस्टरले विचारू का?"

"एमएस्सी कोण, ती का मी?"

आधीच्या पाकिटातल्या शेवटच्या सात आणि वर या सात. चौदा दिवस पोटात हार्मोन नाही. मेंदूनं हुकूम सोडला.

पुढच्या महिन्यात नवं पाकीटही लोहापासूनच सुरू केलं; सात संपल्या, पाळी आली नाही. गर्भ पाडावा लागला, रक्त थांबेना, शेवटी पिशवीच काढली. सुनंदा एकतीस वर्षांची होती.

माझ्या आईनं उपकेंद्रासमोर उभं राहून सिस्टरना शिव्या घातल्या. "खोट्या गोळ्या देतं काय वं?" गोळ्या खराब होत्या का, असं सरपंचांनी मला विचारलं. मी म्हणालो, "सरकारी माल, आणखी काय!" लोक हसले. माझे विनोद गावात चालतात.

सिस्टर घरी आल्या, सुनंदाच्या उशाशी बसल्या. चालू पाकीट मागितलं. तपकिरी सात गेलेल्या, पांढऱ्या एकवीस जशाच्या तशा. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाईच्या घरातली गोष्ट मी बाहेर नेत नाई, सर. तुमी सांगजा."

मी मान डोलावली. मग चौकशी आली, सिस्टर गप्प राहिल्या, मीही. त्यांची बदली झाली. गावातल्या बायांनी गोळ्या सोडल्या.

तरी शाल-नारळ झालाच, आणि निरोपाचं भाषण अर्थातच माझ्याकडे. त्यांच्या निष्ठेवर मी दहा मिनिटं बोललो. मधेच सुनंदा उठून निघून गेली. मी नारळ द्यायला वाकलो, तेव्हा सिस्टर हळूच म्हणाल्या, "मले वाटलं, माइक हाती आला, आता तरी सांगसान."

लोक टाळ्या वाजवत होते. मी लोकांकडे वळून नमस्कार केला.