रॅकखालची कादंबरी

आमच्या बोलीत कादंबरी लिहिणारी पहिली बाई म्हणून लोक मावशीवर भाषणं ठोकतात. तिची तीन बोटं वाकडी का होती, हे एकही जण विचारत नाही. माझं डोकं फिरतं.

मावशी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायची. नवरा तिथेच मशीनवर. अंगाने रेडा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. अक्षरओळखीच्या नावाने शून्य. घरात तिने लिहिलेला कागद दिसला की तो चुलीत घालायचा, मग मावशीला पट्ट्याने फोडून काढायचा. भिंतीपलीकडची शेजारीण तेवढा वेळ रेडिओ मोठा करायची.

म्हणून मावशीने कागदाचा नादच सोडला. जेवणाच्या सुट्टीत ती थेट शिशाच्या खिळ्यांत कादंबरी जुळवू लागली. पानं झाली की दोऱ्याने आवळून रॅकखाली. पहिलंच वाक्य : 'त्याने मला पहिल्यांदा मारलं तेव्हा दूध उतू जात होतं.'

एकदा ती मुद्रितं तपासणाऱ्याच्या नजरेला पडली आणि त्याची जीभ वळवळली. "पैलवान, बायको तुमची अब्रू छापायला निघालीय की!"

पैलवान हातोडा घेऊनच आला. "कुठंय?"

मावशी धावली ती जुळवून ठेवलेल्या पानांच्या एका फर्म्यावर आडवी पडली. त्याने तिचे केस ओढले, ती सुटेना, तेव्हा तिच्या बोटांवर हातोडा घातला. हाडं मोडेपर्यंत घातला. मग फर्मा जमिनीवर आपटला. खिळे रक्तात विखुरले.

त्या फर्म्यात मालकांच्या वडिलांचं चरित्र होतं. कादंबरी रॅकखाली सुखरूप होती.

मालक असे भडकले की मावशीचं पुस्तक त्यांनी हट्टाने मशीनवर चढवलं. या वेळी मुद्रितं तपासणाऱ्याने मालकांच्या धाकाने जीभ आवरली. आणि ते छापलं कोणी? पैलवानाने, शीळ घालत.

पुस्तक गावभर झालं. चहाच्या दुकानात कोणीतरी ते मोठ्याने वाचत होतं. पहिल्याच ओळीत दूध उतू गेलं आणि ऐकत बसलेला पैलवान उठला. घरी येऊन त्याने आतून कडी घातली.

"कोणी छापलं ते?"

"तुम्हीच की."

त्याने तिचा गळा धरून तिला भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. पलीकडे रेडिओ मोठा झाला, आणि मग एकदम बंद पडला.

शेजारणीनेही पुस्तक वाचलं होतं. त्यात रेडिओवाली होती.

खांद्याने कडी उखडून ती आत शिरली आणि हातातलं लाटणं तिने पैलवानाच्या मनगटावर घातलं. हाड कसं वाजलं, ते मावशी म्हातारपणीही रंगवून सांगायची. तो कोपऱ्यात विव्हळत बसला.

शेजारीण मावशीजवळ टेकली.

"एवढा मोठा रेडिओ लावायचे का गं मी?"