टेकणाऱ्या कुत्र्यांची सोयरीक

माझ्या आत्याचं आणि माझं नाक एकच आहे. मधे जरा उंचवटा, टोकाला खाली वळलेलं. आत्याच्या मुलाचंही तसंच होतं. त्याच मुलाशी माझं लग्न झालं, त्यामुळे आमच्या मुलीला दुसरं नाक मिळायची काही सोय राहिली नाही. "भावाची लेक आणली," असं आत्या भेटेल त्याला सांगायची, जणू गडहिंग्लजच्या बाजारातून दात बघून आणली होती. माझा नवरा म्हणायचा, "आपण दोघं म्हणजे घरचं लाईन ब्रीडिंग." हा शब्द त्याला मीच शिकवला होता, आणि त्याचा पश्चात्ताप मला पुढे बराच झाला.

तो गेल्यापासून मुलगी मागे लागली आहे, की बाबांच्या कुत्र्यांविषयी लिही. मी हळू लिहिते. एक परिच्छेद झाला की उठून चहा ठेवते, आणि कप हातात आला की तो परिच्छेद खोडते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचं पॅटर्नचं छोटं दुकान होतं. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत ठसा उठवावा लागतो, त्यासाठी जो लाकडी नमुना लागतो तो हा करायचा. आंघोळ केली तरी त्याच्या कानात सागवानाचा भुसा असायचाच. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. घर कळंब्याला, तलावाच्या रस्त्यावर, मागे बरीचशी मोकळी जागा. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा एका ट्रान्सपोर्टवाल्या मित्रानं पंजाबातून विटकरी रंगाची एक पिटबुल कुत्री आणून त्याच्या गळ्यात बांधली. पिटबुल हा शब्द तेव्हा कोल्हापुरात नवा होता. लोक तो 'वाघ'सारखा उच्चारायचे आणि एक पाऊल मागे व्हायचे.

तिला पुण्याच्या एका नरापासून पिल्लं झाली. त्यातली दोनच या गोष्टीत आहेत. एक नर आम्ही ठेवला. त्याला सगळे थोरला म्हणायचे, कारण त्याचं डोकं जन्मतःच भावंडांच्या दुप्पट होतं. त्याची बहीण आजऱ्याला नवऱ्याच्या मावसभावाकडे दिली. "दिली" हा शब्द आत्याचा. त्या मावसभावाचा काजूचा कारखाना होता. पोरगी काजूवाल्यांकडे पडली म्हणून आत्याला समाधान वाटलं.

थोरल्याला एक सवय होती. कुणी अनोळखी माणूस आला की तो उठायचा, छाती काढून संथपणे त्याच्याकडे चालत जायचा, आणि समोरच्याचं रक्त गोठायच्या बेतात असताना वळून त्याच्या पायाला आपलं सगळं अंग टेकवून उभा राहायचा. भुंकणं नाही, चाटणं नाही. नुसता टेकायचा. भिंतीला टेकून माणूस बिडी ओढतो तसा. माणूस हलला की तोही तेवढाच सरकून परत टेकायचा.

एकदा बुलेटवरून दोन तरणे आले. "पावणं, कुत्रं झुंजतंय का?"

"न्हाय," नवरा म्हणाला.

"मग काय करतंय?"

"टेकतंय."

ते दोघं एकमेकांकडे बघू लागले. तोवर थोरला त्यातल्या एकाला टेकला होता, आणि तो गाडीवरून उतरायचं की बसून राहायचं याचा विचार करत घामाघूम झाला होता.

असे लोक आले की नवरा चहासुद्धा विचारायचा नाही. त्याच्या डोक्यात वेगळंच बसलं होतं. सगळं जग ज्या जातीला चावरी म्हणतं, त्या जातीत टेकणाऱ्या कुत्र्यांचं एक वाण उभं करायचं. मी म्हटलं, "एक आहे की आपल्याकडे. पुरे नाही का?"

"एक चांगलं निघालं तर ते नशीब," तो म्हणाला. "तेच दुसऱ्यांदा निघालं, तर साचा बसला म्हणायचं."

हे पॅटर्नवाल्याचं बोलणं. पण साचा बसेना. थोरल्याला बाहेरच्या माद्यांपासून दोनदा पिल्लं झाली. देखणी झाली, टेकलं मात्र एकही नाही. एकानं तर गॅसचं सिलेंडर आणणाऱ्याची पॅन्ट गुडघ्यापासून खाली ठेवून घेतली. इकडे थोरल्याचं तोंड पांढरं होत चाललं होतं. मागचे पाय उठताना थरथरायचे. डॉक्टर म्हणाले, आता एखादं वर्ष, फार तर. म्हणजे थोरला संपला की ती सवयही संपणार होती, आणि ही गोष्ट नवऱ्याला रोज थोडी थोडी खात होती.

मग त्यानं कुठून तरी कुत्र्यांच्या पैदाशीवरचं एक इंग्रजी मासिक मिळवलं आणि माझ्यापुढे टाकलं. "मास्तरीणबाई, जरा मराठी करा याचं."

मी वाचून दाखवू लागले. एखादा गुण पक्का करायचा असेल तर रक्त बाहेर जाऊ द्यायचं नाही, घरातल्या घरात फिरवायचं, याला लाईन ब्रीडिंग म्हणतात. म्हणजे बापाला त्याचीच लेक द्यायची, आणि...

स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. आत्या पिठाच्या हातानं दारात आली.

"काय वाचतीयास गं? परत वाच."

"कुत्र्यांचं आहे, आत्या."

"कुत्र्यांचं असू दे. कुत्री कुणाची हायत?"

"आपली," नवरा म्हणाला.

"कुणाच्या घरात ऱ्हात्यात?"

"आपल्याच."

"मग आपल्या घरात बापाला लेक देणार व्हय? जोतिबाला काय त्वांड दाखवू मी?"

"आई, त्यांना काय कळतंय त्यातलं?"

"त्यास्नी कळत न्हाय म्हणून तर तुला कळाय पायजे."

"गल्लीतली कुत्री काय कुंडली बघून करत्यात?"

"गल्लीतली मी पाळल्यात व्हय?"

मासिकात पुढे बहीण-भावाचंही काही होतं, ते मी मनातल्या मनात वाचून मासिक मिटलं. नवऱ्यानं मग तडजोड काढली. "बरं, आते-मामे भावंडं तरी चालतील का? आमचं चाललं तसं?"

"चालतंय की. त्यात काय? रीतच हाय ती."

पण त्यात अडचण अशी, की थोरल्याच्या लेकीला त्याच्या बहिणीचा मुलगा लागला असता, आणि आजऱ्याच्या बहिणीचं एकच पिल्लू जगलं होतं. तीही मादी. म्हणजे थोरल्याची भाची.

"भाचा न्हाय?" आत्या म्हणाली. "मग तुजं नशीब." आणि परत भाकरी थापायला गेली.

त्यानंतर नवरा दुकानातून यायचा, थोरल्याजवळ बसून त्याच्या कानातल्या गोचिड्या काढायचा आणि दोन घास खाऊन उठायचा. आत्या त्याच्या ताटाकडे बघायची. मला वाटलं, विषय मिटला.

एका सकाळी मी शाळेला निघाले होते. पायात चप्पल घालत होते तेवढ्यात आत्या चुलीकडे बघतच म्हणाली, "हद्दीपल्याड, कर्नाटकात, मामाला भाची देत्यात न्हवं?"

नवरा दाढी करत होता. त्याचा हात हवेतच राहिला. "देत्यात की."

"मग तिकडं न्या. ज्या मुलखाची रीत, त्या मुलखात. माझ्या दारात न्हाय." मग ती म्हणाली, "मी बी येतो. तुमचा काय भरवसा? हद्दीच्या अलीकडं कागलातच उरकशीला."

त्या दिवशी मी शाळेत व्याकरणाचा तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

ठरलं असं, की आजऱ्याचा मावसभाऊ भाचीला घेऊन येईल आणि आम्ही थोरल्याला घेऊन निपाणीच्या पलीकडे त्याच्या ओळखीच्यांच्या तंबाखूच्या शेतावर जायचं. भाड्याची जीप केली. पुढे नवरा, मागे मी, आत्या आणि आमच्या मधे थोरला. आत्याच्या मांडीवर पिशवी होती. तीत नारळ, गूळ आणि खण होता. "सुनेला बघाय रिकाम्या हातानं जात्यात व्हय?" थोरला कळंब्यापासूनच तिला टेकला होता. "सरक की मुडद्या तिकडं," ती म्हणायची, आणि स्वतःच अंग चोरून बसायची.

कागल गेल्यावर तिनं विचारायला सुरुवात केली. "आला का कर्नाटक?"

"मावशी, पाट्या कानडीत दिसल्या की आला समजा," ड्रायव्हर म्हणाला.

"मला कुठलं वाचता येतंय? तू बघ गं."

मी खिडकीतून बघत बसले. गोल गोल अक्षरांची पहिली पाटी दिसली तेव्हा मी "आला" म्हणाले, आणि आत्यानं पदर सारखा केला. लग्नाच्या मांडवात शिरताना करतात तसा.

शेतावर एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारीला सगळे अक्का म्हणत. चहा होईपर्यंत आत्यानं तिला बाजूला घेतलं. मावसभावानं सांगितलेल्या एका गोष्टीची तिला खात्री करून घ्यायची होती.

"हे तुमचं मालक, खरंच तुमचं मामा?"

"व्हय की. सख्खा मामा," अक्का म्हणाली. "ल्हानपणी मांडीवर घेऊन शेंगा सोलून द्यायचा मला. आता मी त्याला सोलून देतो. दात कुठं ऱ्हायल्यात त्याला?"

"शेंगा खवट हायत," म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला.

"पन्नास वर्सं झाली, ह्याला एक शेंग बरी लागली न्हाय."

आत्या इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दोघांना भांडताना बघून तिचं शेवटचं शंकेचं भूत उतरलं असावं. मग तिनं भाचीची ओटी भरली. भाचीनं गूळ एका घासात संपवला आणि खण घेऊन तंबाखूत पळाली. तो शेवटपर्यंत मिळाला नाही. आत्या म्हणाली, "आवडला तिला." पुढच्या कामासाठी नवरा आणि मावसभाऊ तेवढे थांबले. आम्ही बायका अक्काचं घर बघत राहिलो.

पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमानं पिल्लं आजऱ्याला झाली. पाच. दूध तुटल्यावर सगळी कळंब्याला आली आणि नवऱ्यानं दुकान दुपारपुरतंच ठेवलं. रोज तो अंगणात खांबासारखा उभा राहायचा आणि वाट बघायचा. पिल्लं त्याच्या चपलेचा अंगठा तोडायची, नाडी ओढायची, एकमेकांचे कान चावायची आणि दमली की तुळशीच्या कट्ट्याखाली झोपायची. टेकत नव्हती. जांभळाखाली थोरला पडून असायचा, आता त्याला उठायचीही इच्छा नसायची.

"लहान आहेत अजून," मी म्हणायची.

"थोरला याच वयात टेकायचा." मग तो थोरल्याकडे बघायचा. "गेलं वाटतं हे. त्याच्याबरोबरच गेलं."

एका दुपारी शाळा लवकर सुटली. मागच्या दारानं आत आले, तर पडवीत आत्या पाय पसरून पावटे सोलत बसली होती. सोलत होती म्हणजे हातात शेंग होती, पण हात हलत नव्हता. सूप भरून कधीच झालं होतं, टरफलं बाजूला पडली होती.

"झालं की सगळं, आत्या. उठा, मी चहा करते."

"ऱ्हाऊ दे."

"काय झालं? बरं नाही का?"

"मुंग्या आल्यात पायाला."

"मग उठा, चाला जरा. मी हात देते."

"नको म्हणतोय न्हवं!" ती दबक्या आवाजात ओरडली, आणि मी तिच्या पदराच्या बाजूला वाकून बघितलं. पिल्लांतली सगळ्यात बारकी मादी, सगळं अंग आत्याच्या पोटरीला टेकवून, ताठ उभी होती. डोळे मिटलेले. उभ्या उभ्या झोपली होती.

मी खाली बसले. "हे कधीपासून?"

आत्यानं मान फिरवली. "चार-पाच रोज झालं. ती येती, तिचा भाऊ बी येतो. दुपारचं."

"आणि सांगितलं नाहीत? तो तिकडे जेवत नाही नीट!"

"कसं सांगू?" आत्या म्हणाली. "म्हणंल, आईनं अडवलं नसतं तर कवाच झालं असतं."

मी दुकानात फोन केला. तो सायकल तशीच रस्त्यात टाकून आला, कानातल्या भुशासकट. पडवीच्या पायरीवर बसून त्यानं पिल्लाकडे बघितलं, मग आईकडे. आत्या शेंगेकडे बघत होती. आईचा पाय मोकळा करायला मात्र कुणी पुढे झालं नाही. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली तेव्हा कुठे ती मादी आपणहून गेली, आणि आम्ही दोघांनी आत्याला धरून उभं केलं.

तो म्हणाला ते एवढंच. "साचा बसला, आई."

"बसला तर बसला. पाय चोळ माझा."

थोरला त्याच थंडीत गेला. जांभळाखालीच त्याला ठेवलं. त्याचं वाण मात्र पुढे निपाणीपासून कराडपर्यंत पोचलं: विटकरी अंग, मोठं डोकं, आणि टेकणं. सोयरिकी आत्याच जमवायची. कुणी नर घेऊन आला की ती ओट्यावर बसून विचारायची, "ह्याची आई कुठली? आईची आई?" आणि नातं जुळलं नाही तर माणसाला चहा पाजून परत पाठवायची. एका गुऱ्हाळवाल्याची तक्रार आली होती. भर दुपारी त्याच्याकडे चोर शिरला, तर कुत्रं त्याला टेकून उभं.

"मग चोर पळाला?" नवऱ्यानं विचारलं.

"पळतोय कसला! भ्यानं जागंवरच हुबा. आमी जेवून आलो, तवा सोडवला. रडत हुता."

"मग तक्रार काय?"

गुऱ्हाळवाल्यानं बराच विचार केला. "तक्रार न्हाय तशी," तो म्हणाला, आणि आणखी एक पिल्लू घेऊन गेला.

नवरा गेला तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. त्या बारक्या मादीच्या पणतीनं प्रत्येकाला टेकून घेतलं. काही लोक घाबरून बोलायचं विसरले. आत्या आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती तेवढ्यापुरती वळायची. "टेकू दे तिला. सरकू नगा."

आत्ताही मी हे लिहिते आहे तर माझा डावा पाय टेबलाखाली आहे आणि त्याला जाणीव उरलेली नाही. परिच्छेद संपला, चहाची वेळ झाली. आतून आत्या हाक मारते आहे.

"उठतीस का न्हाय गं?"

"मुंग्या आल्यात, आत्या."

"मग बस," ती म्हणते.