प्रभुभोजनाचे पेले

चर्चचे पाळकसाहेब घरी येणार म्हटल्यावर मला वाटलं, मंडळीच्या पंचांत घेणार. बायकोनं नवे कप काढले. मी इस्त्रीचा शर्ट घातला, हेही सांगून टाकतो. साहेबांनी चहा संपवला आणि विचारलं, पेले धुणाऱ्या मावशींना आता नीट दिसत नाही, ते काम तुम्ही घ्याल का?

दौंडच्या आमच्या मंडळीतले प्रभुभोजनाचे पेले काचेचे, अंगठ्याएवढे. महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या रक्ताची आठवण म्हणून द्राक्षरस पिऊन जो तो आपला पेला तबकात ठेवतो. उपासना सुटली की मागच्या खोलीत ते धुवायचे. उरलेला रस मोरीत जाऊ द्यायचा नाही, आवारातल्या झाडाच्या बुडाशी ओतायचा.

"स्वतःची बशी कवा उचलली न्हाई ह्यांनी, आन् मंडळीचे पेले धुत्यात व्हय," बायको आतून म्हणाली. साहेब हसले. मी ड्यूटीचं कारण सांगितलं. रेल्वेतल्या माणसाला ते कायम हाताशी असतं.

वडील शिरूरला धाकट्या भावाकडे अंथरुणाला खिळले, तेव्हाही मी ड्यूटीच सांगायचो. त्यांचं हागणंमुतणं त्यानं काढलं. मी सुट्टी असूनही जायचो नाही, मला किळस यायची. मातीच्या वेळी भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही मोठे. पुढं व्हा." तेव्हापासून तबक समोर आलं की पेला न उचलता मी ते शेजाऱ्याकडं सरकवत आलोय. भावाशी मन साफ नाही, तर प्यायचं कसं?

साहेब गेल्यावर जिवाला चैन पडेना. ताटावरून अर्धपोटी उठायचो, बायकोवर उगाच खेकसायचो. शेवटी साहेबांच्या दारात गेलो आणि चप्पलही न काढता सगळं सांगितलं. मी पीत नाही, मग धुऊ कसा?

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "प्यायचं का, ते तुम्ही आणि प्रभू बघा. धुवायला माणूस पाहिजे."

पहिल्या रविवारी मागच्या खोलीत उष्ट्या पेल्यांचं तबक पुढ्यात आलं. काठ चिकट, एकावर लिपस्टिक, एकात कुणीतरी अर्धा घोट ठेवलेला. तीच किळस आली. शेजारी मावशी फडकं घेऊन बसल्या होत्या. पाणी जरा गरम घ्या, म्हणाल्या. घेतलं. सगळे धुतले.

हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट राग आला, परक्यांची उष्टी जमली आणि बापाचं अंग जमलं नाही, याचा. आवारातूनच भावाला फोन लावला आणि काय करून आलो ते सांगितलं.

"आता धुताय व्हय, दादा?" तो म्हणाला. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "या मंग एकदा. जेवायलाच या."

पुढच्या महिन्याचे पेलेही मीच धुणार, असं पाळकसाहेबांना कळवलंय. शिरूरला अजून गेलेलो नाही.